पाचव्या इनिंगनंतर

इथे अमेरिकेत, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या ज्या दुकानात मी नऊ वर्षं चकल्या पाडतोय, त्या दुकानाची बेसबॉलची टीम आहे, हे मी गावी फोनवर सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, "तुम्ही तिकडं कामं करता का नुसते खेळता?" त्याला काय सांगणार? मला इथे खेळणंसुद्धा कामच वाटतं. टीमचे मॅनेजर म्हणजे आमचे मालक. बेसबॉलमध्ये मॅनेजर हा खरा राजा. कोण खेळणार, कोण बसणार, कोणाला कधी बाहेर काढायचं हे सगळं तो बाकावर बसून ठरवतो, आणि स्वतःला एकही चेंडू खेळावा लागत नाही.

मालकांना इकडे सगळेच काका म्हणतात, मीही म्हणतो. पस्तीस वर्षांपूर्वी ते इंजिनियर म्हणून आले, मग नोकरी सोडून दुकान टाकलं. माझ्यासारख्या नववीत शाळा सोडलेल्या, तालुक्याच्या स्वीट मार्टमध्ये कढईपुढे उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी एका लग्नात पाहिलं, माझी चकली खाल्ली, आणि पुढची चार वर्षं वकिलांच्या मागे लागून माझे कागद केले. दुकानाच्या वरची खोली दिली. पहिल्या थंडीत स्वतःचा कोट दिला. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की मी उपकार विसरलो. मी काहीही विसरलेलो नाही. कोणी जरा मोठ्याने माझं नाव घेतलं तरी अजून मला वाटतं, की आता कागदात काहीतरी चूक निघाली आणि मला परत पाठवणार. तशा वेळी मी काकांकडेच बघतो.

गावात मला कोणी कधी बॉलिंग दिली नाही. माझा हात कोपरातून वाकायचा. "फेकी आहे रे हा, फेकी!" म्हणून सीमेवर उभं करायचे. इथे आल्यावर एका रविवारी पार्कात टीमला माणूस कमी पडला म्हणून काकांनी मला नेलं, आणि तिथे मला कळलं की या खेळात फेकायचंच असतं. फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. मी फेकला. समोरच्या बॅटवाल्याला चेंडू दिसलाच नाही. काका डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे, तुला मी चकल्या करायला आणलं काय!"

आमची लीग म्हणजे आजूबाजूच्या दुकानांची, गॅरेजांची, चर्चांची. सात इनिंगची मॅच, दर रविवारी. प्रत्येक टीम प्रत्येक इनिंगमध्ये एकदा बॅटिंग करते, तीन आउट झाले की दुसऱ्याची पाळी. आमच्यात पिचर म्हणता येईल असा मी एकटाच, त्यामुळे मी नेहमी पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत फेकायचो. मला कोणी कधी काढलं नव्हतं. मध्येच काढलं तर काय होतं, हे विचारायची वेळच आली नव्हती.

ऑगस्टमध्ये भावाचा फोन आला. बाबा गेली दोन वर्षं विसरत होते. आधी चष्मा, मग वार, मग जेवलो की नाही. आता माणसं विसरायला लागले होते. "परवा धाकट्या आत्याला ओळखलं नाही. तिलाच विचारत होते, तुम्ही कुणाकडच्या? तू अजून लक्षात आहेस. फोनवर तुझा चेहरा बघून हसतात. पण डॉक्टर म्हणाले, हे फार दिवस टिकायचं नाही. यायचं असेल तर दिवाळीच्या आत ये."

मी नववीत शाळा सोडली तेव्हा बाबा माझ्याशी एक वर्ष बोलले नव्हते. मग बोलायला लागले, पण कामापुरतं. त्यानंतर मी तालुक्याला, आणि नंतर इथे. त्यांच्यासमोर बसून, त्यांना मी कोण ते माहीत असताना, दोन शब्द बोलायचे राहिले होते. एवढंच हवं होतं मला. तीन आठवड्यांची सुट्टी, दिवाळीच्या आधी.

पण दिवाळीच्या आधीचे ते सहा आठवडे म्हणजे आमच्या दुकानाचं वर्ष. डॅलसपासून क्युपर्टिनोपर्यंत फराळाचे डबे जातात, आणि लोक लेबलवर बघतात, 'हाताची चकली' लिहिलंय ना. तो हात माझा. मला विचारायची हिंमत होईपर्यंत दहा दिवस गेले. शेवटी एका रविवारी मॅच जिंकून सगळे पार्किंगमध्ये वडापाव खात उभे होते, काका खुशीत होते, तेव्हा मी विचारलं. एकांतात विचारायला हवं होतं. तिथेच चूक झाली.

काकांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाले, "ऐका रे! याला ऐन सीझनमध्ये गावी जायचंय. काय करू?"

"जाऊ द्या काका, पण चकली मागे ठेवून," कोणीतरी म्हणालं.

"बरं," काका म्हणाले. "फायनल जिंकून दे. दुसऱ्या दिवशीचं तिकीट. मी स्वतः काढतो. शब्द!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. वडापाव हातातच राहिला.

तिथून पुढे माझी सुट्टी हा टीमचा विनोद झाला. मी एखाद्याला आउट केला की बाकावरून आरोळी यायची, "बोर्डिंग सुरू!" दुसरा आउट झाला की, "विंडो सीट कन्फर्म!" चेंडू चुकला की, "अरे, फ्लाइट डिले!" आमच्यात एक निवृत्त डॉक्टर आहेत, सत्तरीचे, टीमचे युनिफॉर्म त्यांनीच दिलेले. ते तर मला भेटले की हात उंच करून विमानासारखे वळवायचे. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. त्यांच्यातल्या कोणाचेच आईवडील तिकडे राहिले नव्हते. आणले होते, किंवा वारले होते.

मी मात्र प्रत्येक चेंडू टाकताना भावाचा आवाज ऐकायचो. सप्टेंबरमध्ये बाबांनी आईला पहिल्यांदा 'ताई' म्हटलं. फोनवर माझ्याकडे बघून अजून हसायचे.

फायनल ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होती, दुपारी, एका टायरच्या दुकानाच्या टीमशी. ते लोक दंडाने एवढे, की त्यांच्या हातात बॅट म्हणजे लाटणं वाटायचं. त्या दिवशी माझा हात असा चालला की मी स्वतः घाबरलो. पाच इनिंग झाल्या तेव्हा आमचे तीन रन, त्यांचा एक. त्यांच्या पंधरांतले नऊ आउट मी एकट्याने बॅट लागू न देता घेतले होते. आमच्या बाकावर कोणी 'मुंबई, मुंबई' असं लयीत ओरडत होतं. दोन इनिंग राहिल्या होत्या. मनात मी बॅग भरत होतो. आईला काय, बाबांना काय. बाबांना मऊ स्वेटर.

मी बाकाकडे आलो तेव्हा काका उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दमलास."

"नाही काका. अजिबात नाही."

"दमलास. मला दिसतंय. एक इनिंग बस, पाणी पी. शेवटच्या इनिंगला तुलाच आणतो. आपल्याकडे नाही का, फास्ट बॉलरला शेवटच्या ओव्हरसाठी राखून ठेवतात?"

मी हे अगदी बरोबर समजलो. इथेच सगळं आहे, म्हणून सांगतो. क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला त्यात काही खटकायचं कारणच नव्हतं. बॉलरला थांबवायचं, विश्रांती द्यायची, शेवटी परत आणायचं. मला उलट बरं वाटलं, की काकांना माझ्या सुट्टीची किती काळजी! मी 'थँक्यू काका' म्हणालो. खरंच म्हणालो.

माझ्या जागी डॉक्टरांच्या मुलाला पाठवलं. तो इथेच जन्मलेला, दातांचा डॉक्टर, चाळिशीच्या आसपासचा, सज्जन माणूस. त्या दिवशी बाकावर सनग्लासेस लावून बसला होता. तो घाबरून उभा राहिला. "काका, मी तीन वीक्स बॉल टच केला नाहीये. सीरियसली. ही इज डुइंग ग्रेट, याला कशाला काढता?"

"तुझे बाबा आलेत बघायला," काका म्हणाले. "जा."

मी जॅकेट चढवून बाकावर बसलो. सहाव्या इनिंगमध्ये दातांच्या डॉक्टरने एक रन दिला. तीन-दोन. सातव्या इनिंगमध्ये पहिला आउट झाला, आणि मग त्याचे चेंडू जमिनीवर पडायला लागले, बॅटवाल्याच्या पायाजवळ, डोक्यावरून. तसे चार चेंडू पडले की बॅटवाला फुकटात पुढे जातो; तीन माणसं बॅट न फिरवता चालत बेसवर गेली. तिन्ही बेसवर त्यांची माणसं. एक चांगला फटका, की संपलं. मी कधीच उठलो होतो, जॅकेट काढलं होतं, हात फिरवत होतो. काकांनी मला खूण केली. मी पळत मैदानात गेलो.

अंपायरने हात आडवा केला.

मला वाटलं कागद मागतो. खरंच, माझ्या मनात पहिलं तेच आलं. मी खिसा चाचपला. तो काकांशी बोलत होता, हळू, समजावल्यासारखं. एकदा बाहेर काढलेला माणूस त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. काही केल्या नाही. काका हात हलवत होते, 'क्रिकेट, क्रिकेट' म्हणत होते. अंपायर हसत नव्हता, पण टायरवाले हसत होते. त्यांच्यातला एक तर गुडघ्यावर हात ठेवून वाकला होता. मी मैदानाच्या मध्ये उभा, सगळे बघतायत, आणि मला परत जायचंय हे पायांना कळेना.

दातांच्या डॉक्टरच्या पुढच्याच चेंडूवर फटका बसला. दोन माणसं पळत घरी पोचली, म्हणजे दोन रन. चार-तीन. शेवटची पाळी त्यांचीच होती, मॅच संपली.

पार्किंगमध्ये वडापाव तसेच आणलेले होते. कोणीतरी, कोण ते लिहीत नाही, तोंडाचा भोंगा करून इंग्लिशमध्ये घोषणा केली, की मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाची फ्लाइट कॅन्सल झाली आहे. सगळे हसले. हरल्याचं दुःख हलकं करायला हसले असतील. निवृत्त डॉक्टरांनी हातांचं विमान केलं आणि ते जमिनीवर आपटून दाखवलं.

"काका आणि त्यांचं क्रिकेट!" असं म्हणत लोक गाड्यांत बसले. मी काकांजवळ गेलो आणि म्हणालो, "सॉरी काका."

होय, मी म्हणालो. त्यांनी पाठ थोपटली. "होतं रे. जिंकलो असतो तर स्वतः विमानतळावर सोडलं असतं. पण शब्द म्हणजे शब्द, काय?"

दातांचा डॉक्टर माझी वाट बघत थांबला होता. त्याचे डोळे लाल होते. "आय ॲम सो सॉरी, यार. मला नो म्हणायला हवं होतं. आणि लिसन, त्यांनी तुला बेंचवर बसवायची गरजच नव्हती. मागे राइट फील्डला उभं केलं असतं ना, तर परत पिचिंगला आणता आलं असतं. तसं अलाउड आहे."

त्या दिवशी माझ्याशी माणसासारखं बोललेला तो एकटाच. मी त्याला काय म्हणालो? त्याचे वडील दहा फुटांवर छत्री मिटत होते. मी त्यांच्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "तुमचे बाबा तुम्हाला ओळखतात ना? मग झालं तर. जा घरी." त्याचा चेहरा पांढरा पडला. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं बराच वेळ टिकलं, हे मला लपवायचं नाही. तो पुढच्या सीझनला टीममध्ये आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्ये काकू भाजणीचे डबे उघडत होत्या. काकू मला कधी टाकून बोलल्या नाहीत. मी सोऱ्यात पीठ भरत म्हणालो, "काकांना तो नियम माहीत नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं असेल."

काकूंनी डबा खाली ठेवला. "कोणाला माहीत नव्हता? ह्यांना? अरे, तीस वर्षं सीझनची तिकिटं आहेत आमच्याकडे. हनिमूनला मला स्टेडियमवर घेऊन गेले होते. टीव्हीवर कोणी पिचरला लवकर काढला की सोफ्यावरून उठून शिव्या घालतात त्या मॅनेजरला." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्या तेलाकडे बघायला लागल्या. "तापलंय बघ," म्हणाल्या.

पहिला घाणा जळाला. नऊ वर्षांत तो एकच.

मी विचारणार नव्हतो. मी विचारणारा माणूसच नाही. पण त्या आठवड्यात काकांबरोबर व्हॅनमधून बेसनाची पोती आणायला गेलो होतो, आणि लाल सिग्नलला ते स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते, इतके निवांत, की तोंडातून गेलंच. "काका, तुम्हाला माहीत होतं का? मला परत आणता येणार नाही ते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. रागावलेही नाहीत.

"माहीत होतं."

सिग्नल हिरवा झाला. व्हॅन निघाली.

"मॅनेजरला एक मॅच जिंकायची नसते, कळलं का? त्याला अख्खा सीझन बघायचा असतो. तू तीन आठवडे गेलास तर दोनशे घरी फराळ जात नाही. ती माणसं पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात. मग तुझी नोकरी कुठली आणि माझं दुकान कुठलं? आता तू म्हणशील, सरळ नाही का म्हणायचं. सरळ नाही म्हटलं असतं तर तू वर्षभर तोंड पाडून बसला असतास. असं हरलास, की कोणाचा दोष नाही. सगळे हसले, विषय संपला." मग म्हणाले, "जानेवारीत जा की. जानेवारीत काय काम असतं? महिनाभर जा. तिकीट माझ्याकडून."

मी काय म्हटलं असेल? मी 'थँक्यू काका' म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. महिन्याची सुट्टी आणि तिकीट कोण देतं? पोती उतरवताना माझ्या हातून एक पोतं निसटून फुटलं, आणि काका म्हणाले, "राहू दे, मी झाडतो," आणि त्यांनी खरंच झाडलं, वाकून, कंबर दुखत असताना. अशा माणसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवाळीला मी आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या चकल्या केल्या. अर्विंगहून एका बाईंनी फोन करून सांगितलं, की त्यांच्या आईच्या हातची आठवण झाली. पाडव्याला मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने फोन बाबांच्या समोर धरला. बाबांनी फोनच्या मागे कोण आहे ते वाकून बघितलं.

"मी आहे बाबा."

ते भावाला म्हणाले, "कुणाचा फोन आहे, घे की."

भावाने फोन स्वतःकडे वळवला. "दसऱ्यापर्यंत ओळखत होते," तो म्हणाला. एवढंच. तो मला बोलला असता तर बरं झालं असतं.

जानेवारीत गेलो. काकांनी विमानतळावर सोडलं, आईसाठी साडी दिली, बाबांसाठी स्वेटर दिला, मी घेणार होतो त्याहून मऊ. घरी पोचलो तेव्हा बाबा दारात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी पाया पडलो तर ते अवघडून उठायला लागले, हात जोडले. माझ्या अंगात इकडचं जॅकेट होतं. त्यांना वाटलं कोणी ऑफिसातून आलाय.

"बसा साहेब. अहो, साहेबांना पाणी आणा."

आईने पाणी आणलं आणि ती आत निघून गेली. मी त्यांच्यासमोर बसलो. समोर बसायचं होतं, तसा बसलो. बराच वेळ ते माझ्या बुटांकडे बघत होते. मग गप्पा सुरू केल्या, आलेल्या माणसाशी करतात तशा.

"लांबून आलात?"

"हो. लांबून."

"आमचा धाकटा पण लांब असतो. अमेरिकेत." त्यांनी हात वर करून विमानाची दिशा दाखवली. "नववीत शाळा सोडली त्यानं. मी वर्षभर बोललो नाही त्याच्याशी. चुकलं माझं. पोरगं हाताला चांगलं होतं. तो आला की सांगणार आहे त्याला."

मी म्हटलं, "काय सांगणार?"

"ते त्याला सांगीन. तुम्हाला कशाला?" बाबा हसले. तोंडात दात नव्हते. मग कोणी ऐकू नये अशा बेताने पुढे वाकले. "येणार आहे तो. मालकानं सोडलं पाहिजे फक्त. मालक फार चांगला माणूस आहे म्हणतात. तुम्ही तिकडचेच ना? तुम्हाला काय वाटतं, सोडेल का तो?"

आत आई भांडी घासायची थांबली होती.

"सोडेल," मी म्हटलं. "चांगला माणूस आहे."